‘बसत नाही’ म्हणजे नेमकं काय? हृदय प्रत्यारोपणाची पात्रता अशी ठरते

एका बहिणीचा प्रश्न आहे. भाऊ 46 वर्षांचा, इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर फेकतं तो आकडा, 18 टक्के, गेल्या आठ महिन्यांत तीनदा ॲडमिट. एका डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विचार करा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी फाइल चाळली आणि ‘हे प्रत्यारोपणात बसत नाहीत’ म्हणाले, कारण फुफ्फुसातला दाब वाढलाय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 2.1 आहे आणि डायबेटिस आहे. तिचं विचारणं सरळ आहे: हे बसणं न बसणं ठरवतं कोण, कशावरून, आणि एकदा ‘नाही’ झालं की दार कायमचं बंद होतं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. तुम्ही सांगितलेल्या तीन कारणांपैकी एकही, निदान एवढ्या माहितीवर, ‘नाही’ म्हणण्याइतकं पक्कं नाही. तिन्ही गोष्टी नीट मोजून, सुधारता येतील तेवढ्या सुधारून मग बोलायचं असतं. मी बावीस वर्षं हार्ट फेल्युअरचे रुग्ण पाहतोय आणि ज्या बैठकीत ही नावं ठरतात तिथे बसतोय. तिथलं ‘नाही’ पुष्कळदा ‘आज नाही’ असतं. ज्यांचं कायमचं ‘नाही’ होतं, त्यातले बरेच जण आमच्यापर्यंत उशिरा पोचलेले असतात. हे इतक्या वेळा पाहिलंय, की जुना इको हातात आला की मी आकड्याआधी त्यावरची तारीख बघतो.

बैठकीत कितीही कागद पसरले तरी प्रश्न दोनच असतात. हे हृदय इतकं थकलंय का, की बदलल्याशिवाय माणूस फार दिवस काढणार नाही? आणि बाकीचं शरीर इतकं शाबूत आहे का, की एवढं मोठं ऑपरेशन आणि त्यानंतरची जन्मभराची औषधं त्याला पेलवतील? अडचण अशी, की हृदय खाली जाताना एकटं जात नाही. मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुसं, हातापायांचे स्नायू, सगळ्यांना सोबत ओढतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के ‘हो’ होईपर्यंत थांबलात, तर तोवर दुसऱ्याचं ‘नाही’ होऊन बसतं. या दोहोंच्या मधली मुदत पकडणं हे आमचं खरं काम आहे. ती कोणाला वर्षभराची मिळते, कोणाला दोन महिन्यांची.

घरचे लोक पंपिंगचा आकडा पाठ करून येतात, आणि निर्णयाला तोच सगळ्यात कमी उपयोगी पडतो. 18 टक्के पंपिंग घेऊन रोज कामाला जाणारे, दोन जिने चढणारे लोक माझ्याकडे आहेत. उलट हृदयाचा स्नायू कडक होण्याच्या आजारात पंपिंग 50 टक्के दिसतं आणि माणूस खोलीतल्या खोलीत धापा टाकतो. म्हणून मी वेगळं विचारतो. आंघोळ करताना मध्येच स्टुलावर बसावं लागतं का? बुटाची नाडी बांधायला वाकलं की दम भरतो का? झोपताना उशा किती लागतात, आणि सहा महिन्यांपूर्वी किती लागायच्या? दोन घासांतच पोट गच्च होतं का? हे शेवटचं बरेच जण ॲसिडिटी म्हणून सोडून देतात. पण यकृतात आणि आतड्यांत रक्त तुंबल्याचं ते लक्षण असू शकतं.

मग फाइल शेवटच्या पानापासून मागे वाचत जातो. वर्षात एकाहून जास्त वेळा ॲडमिट, लघवीच्या गोळीचा डोस चढत चाललेला, वरचा रक्तदाब 90 च्या आसपास घुटमळणारा, रक्तातलं सोडियम घसरलेलं, क्रिएटिनिन हळूहळू वर सरकणारं, छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरने (बिघडलेले ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राने) दिलेले शॉक, हृदयाला जोर देणारी ड्रिप बंद केली की पुन्हा सुरू करावी लागणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर रुग्ण त्याच महिन्यात प्रत्यारोपण केंद्रात दाखवायला हवा. दाखवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं होत नाही, एवढंच घरच्यांना समजावून सांगावं. आणखी एक खूण फार फसवी असते. ‘आता बरं आहे, डॉक्टरांनी गोळ्या अर्ध्या केल्या’ असं आनंदाने सांगणारे रुग्ण येतात. खोलात गेलं की कळतं, रक्तदाब पेलत नव्हता म्हणून गोळ्या अर्ध्या झाल्यात. ती सुधारणा नसते, हृदय मागे हटत असल्याची ती खूण असते.

पण हृदय बदलायची भाषा करण्याआधी एक गोष्ट मी हट्टाने तपासतो: हे हृदय स्वतःचं स्वतः सुधारू शकेल का? एक तरुण रुग्ण आठवतो. पंपिंग 15 टक्के, प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव घालायलाच पाठवलेला. नाडी 130. गाढ झोपेतही 130. सगळ्यांनी धरून चाललं होतं की हृदय कमजोर आहे म्हणून नाडी पळतेय. ईसीजीची लांब पट्टी काढून एकेक ठोका तपासला, तेव्हा प्रकार उलटा निघाला. वरच्या कप्प्यातला एक लहानसा ठिपका महिनोन् महिने हृदयाला पळवत होता आणि त्या पळण्यानेच ते थकलं होतं. तो ठिपका कॅथेटरने जाळला. चार महिन्यांनी पंपिंग 45 टक्क्यांवर आलं आणि यादीचा विषयच संपला. बाळंतपणाच्या सुमारास कमजोर झालेलं हृदय, विषाणूंमुळे सुजलेलं हृदय, दारूने किंवा थायरॉइडने बिघडलेलं हृदय, ही सगळी योग्य उपचारांनी सावरू शकतात. त्याखेरीज आज हार्ट फेल्युअरच्या औषधांचे चार मुख्य गट आहेत. ते चारही, सोसतील तेवढ्या पूर्ण डोसात, निदान तीन महिने दिलेत का? हृदयाचे दोन्ही कप्पे एका तालात आणणारा खास पेसमेकर, गळणाऱ्या झडपेची दुरुस्ती, अडलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणं, यातलं काही राहून गेलंय का? हे न बघता कोणाचं हृदय काढून टाकणं मला पटत नाही. अर्थात ज्याचा रक्तदाब ड्रिपवर टिकलाय त्याला तीन महिने थांबवायचं नसतं, हेही तितकंच खरं.

चालत्याफिरत्या रुग्णात ‘किती थकलंय’ हे मोजायला आमच्याकडे एक चांगली परीक्षा आहे. सायकलवर बसवायचं, नाकातोंडावर मास्क लावायचा, दर मिनिटाला भार वाढवत न्यायचा आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते बघायचं. 1991 मध्ये हृदयतज्ज्ञ डॉना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा आकडा दर किलो वजनामागे मिनिटाला 14 मिलिलीटरच्या वर असलेल्यांना थांबवलं तरी चालतं, आणि त्याच्या खाली असलेल्यांचा धोका खरा मोठा असतो. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि ताण कमी करणारी) औषधं आल्यावर, ती घेणाऱ्यांसाठी ही रेघ 12 वर आली. स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले रुग्ण यांच्यासाठी नुसता आकडा पुरत नाही, वयाला आणि शरीराला अपेक्षित क्षमतेच्या निम्म्याहून कमी आहे का, तेही बघतात. पण त्या रिपोर्टमध्ये आणखी एक रकाना असतो, तो मी आधी वाचतो: बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर. ते 1.05 च्या वर गेलं नसेल, तर रुग्णाने पूर्ण जोर लावलेलाच नाही. गुडघा दुखला म्हणून कोणी थांबलं असेल, मास्कने जीव घाबरा झाला असेल. अशा रिपोर्टवर कोणाचं नाव घालू नये आणि कोणाचं काढूही नये.

आता तुमच्या भावाच्या पहिल्या कारणाकडे येतो, फुफ्फुसातला दाब. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे ‘नाही’ मी इथेच पाहिलेत.

डावी बाजू थकली की रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं आणि तिथला दाब चढतो. रुग्णाची स्वतःची उजवी बाजू हळूहळू जाड होत या दाबाला सरावते. पण दात्याचं हृदय निरोगी माणसाचं असतं. त्याच्या उजव्या कप्प्याने असा दाब आयुष्यात पाहिलेला नसतो. ते नवं हृदय बसवून रक्तप्रवाह सुरू केला, की तो पातळ भिंतीचा कप्पा उंच दाबाच्या भिंतीवर आदळतो, फुगतो आणि काही तासांत हार मानू शकतो. टाके सगळे नीट पडलेले असूनही रुग्ण टेबलावर जातो, तो यामुळे. म्हणून हा प्रश्न जिवाचा आहे आणि त्याचं उत्तर इकोच्या अंदाजावर देता येत नाही. मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत घालून दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. राइट हार्ट कॅथ म्हणतात ते हेच. याच्याशिवाय यादीत नाव घालू नये.

तिथे काय बघतात ते एका हिशेबाने सांगतो. समजा फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब 42 आला, नळीचं टोक पुढे अडकवून मोजलेला डाव्या बाजूचा दाब 24, आणि हृदय मिनिटाला 3 लिटर रक्त फेकतंय. 42 मधून 24 वजा केले, 18 उरले. त्याला 3 ने भागलं, 6 आले. हा झाला फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा अडथळा, 6 वुड युनिट. 5 च्या वर म्हणजे धोक्याचा पट्टा. इथे फाइल मिटली तर उत्तर ‘बसत नाही’. पण खरी तपासणी इथून सुरू होते. नळी आतच ठेवून रक्तवाहिन्या सैल करणारं औषध शिरेतून थेंब थेंब चढवायचं आणि मॉनिटरवर नजर ठेवायची. वीस मिनिटांनी तेच आकडे समजा 28, 18 आणि 4 लिटर झाले. 10 भागिले 4, म्हणजे अडीच. हातातला वरचा रक्तदाब अजून 92 आहे. म्हणजे अडथळा दगडासारखा पक्का नव्हता, तुंबलेल्या रक्ताने आणि आवळलेल्या वाहिन्यांनी आलेला होता. हा रुग्ण बसतो. मात्र अडथळा उतरवता उतरवता हातातला वरचा रक्तदाब 85 च्या खाली गेला, तर ते उतरणं जमेस धरायचं नाही.

पहिल्या दिवशी दाब उतरला नाही तरी गोष्ट संपत नाही. रुग्णाला ॲडमिट करून काही दिवस ड्रिपवर आणि लघवीच्या औषधांवर कोरडं करायचं आणि पुन्हा मोजायचं. तरीही जमलं नाही, तर डाव्या कप्प्याला मदत करणारा यांत्रिक पंप बसवून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. महिनोन् महिने डावी बाजू रिकामी राहिली, की न उतरणारे दाबही पुष्कळदा उतरतात. म्हणून तुमच्या भावाच्या ‘दाब वाढलाय’ला माझा पहिला प्रश्न: कशावर मोजला? इकोवर की कॅथवर? आणि औषध देऊन पुन्हा मोजला का?

दुसरं कारण, क्रिएटिनिन 2.1. वय 46 धरलं तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला 38 मिलिलीटरच्या आसपास येते. नुसतं हृदय बदलायचं तर 30 च्या खाली आम्ही बिचकतो, कारण शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यावी लागणारी टॅक्रोलिमससारखी औषधं स्वतःच मूत्रपिंडाला इजा करतात. पण इथेही आकड्यामागचं कारण शोधावं लागतं. मूत्रपिंड स्वतः आजारी आहे, की रक्तच पोचत नाही म्हणून रुसलंय? लघवीत प्रथिनं किती जातात, सोनोग्राफीत मूत्रपिंडं आकसलेली आहेत का, आणि हृदयाला जोर देणारी ड्रिप चालू केल्यावर क्रिएटिनिन उतरतं का, यावरून बरंच कळतं. ड्रिपवर ते 2.1 वरून 1.4 वर आलं तर दोष मूत्रपिंडाचा नव्हता. उलट ते खरंच निकामी होत चाललं असेल, तर हृदय आणि मूत्रपिंड एकाच दात्याकडून घेऊन दोन्ही बसवता येतात. तशी ऑपरेशनं होतात.

डायबेटिसचं थोडक्यात: तो असणं हा अडसर नाही. डोळे, मूत्रपिंड, नसा यांना बरीच इजा झालेली असणं किंवा प्रयत्न करूनही एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) 7.5 च्या वरच राहणं हा अडसर ठरू शकतो. ऑपरेशननंतर स्टेरॉइड सुरू होतात आणि साखर आणखी उसळते, म्हणून ती आधीच हातात असावी लागते.

हे सगळे नियम आले कुठून, तेही सांगायला हवं. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनमध्ये सर्जन ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिल्यांदा माणसाचं हृदय माणसाला बसवलं. रुग्ण होते लुई वॉशकॅन्स्की. हृदय चाललं, पण शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती खाली गेली आणि अठराव्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले. पुढच्याच वर्षी जगभर शंभराच्या आसपास प्रत्यारोपणं झाली आणि त्यातले बहुतेक रुग्ण काही महिन्यांत गेले. बऱ्याच केंद्रांनी हात आखडले. स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे यांचा गट चिकाटीने काम करत राहिला आणि कोणता रुग्ण निवडायचा याची शिस्त तिथे घडत गेली. आज दाताच्या मुळाशी पू आहे का इथपर्यंत आम्ही बघतो, जुना क्षयरोग दबा धरून बसलाय का ते तपासतो, जिवंत जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या पुरेशा आधी उरकून घेतो. रुग्ण वैतागून म्हणतात, ‘हृदयासाठी आलोय आणि दाताच्या डॉक्टरकडे काय पाठवता?’ मी त्यांना अठराव्या दिवसाची ही गोष्ट सांगतो.

बाकीच्या काही गोष्टी भराभर सांगतो. कर्करोग होऊन गेला असेल तर ठरावीक वर्षं थांबाच, असा सरसकट नियम आता चालत नाही. तो परत उलटण्याची शक्यता किती हे कर्करोगतज्ज्ञ सांगतात, त्यावर ठरतं. वयाची रेघ साधारण 70 धरतात, पण त्यापुढेही एखादा काटक माणूस विचारात घेतला जातो. वजन उंचीच्या मानाने फार जास्त, म्हणजे बीएमआय 35 च्या वर असेल, तर आधी उतरवायला सांगतात. मला मात्र जास्त भीती वाळून गेलेल्या रुग्णाची वाटते. वर्षात पाच किलोंहून जास्त वजन आपोआप घटलेलं, हाताची पकड ढिली, चाल मंदावलेली. असा रुग्ण ऑपरेशनमधून उठतो पण व्हेंटिलेटरवरून उतरत नाही. म्हणून नाव यादीत पडायच्या आधीच फिजिओथेरपी आणि प्रथिनयुक्त आहार सुरू करावा. आणि एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी लक्षात राहत नाही: रक्त चढवलं की दुसऱ्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. गरोदरपणातही होतात. ती जास्त असली की जुळणारा दाता मिळणं अवघड जातं. तेव्हा प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला, जीव धोक्यात नसताना, नुसतं हिमोग्लोबिन जरा कमी आहे म्हणून रक्त चढवू नका.

आता सगळ्यात अवघड भाग: माणूस औषधं नीट घेईल का? नव्या हृदयाला रोजचा पहारा लागतो. टॅक्रोलिमस साधारण दर बारा तासांनी, वेळेवर. पहिल्या वर्षात मानेच्या शिरेतून नळी घालून पुन्हा पुन्हा बायोप्सी, म्हणजे हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासणं. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून बसल्या जागीही नाडी 90 ते 110 राहते. त्यातली मोठी मेख अशी, की त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत गेल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. म्हणजे काही वाटत नसतानाही तपासणीला यावंच लागतं. जो माणूस आज साधी रक्तदाबाची गोळी चुकवतो, त्याच्याबद्दल बैठकीत शंका निघणं स्वाभाविक आहे. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर सहा महिने पूर्ण बंद हवी आणि आम्ही लघवीत तपासून बघतो. दारूचं व्यसन असेल तर आधी त्यावर उपचार.

पण ‘गोळ्या चुकवतो’ असं फाइलवर लिहिणं सोपं असतं. एका रुग्णाच्या कागदावर हेच तीन वेळा लिहिलेलं होतं आणि त्याचं नाव बाजूला ठेवायची तयारी झाली होती. आमच्या समन्वयक सिस्टरने त्याला गोळ्यांची पिशवी घेऊन बोलावलं आणि टेबलावर ओतायला सांगितली. अकरा पट्ट्या. त्यातल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण औषध एकच. काहींची नावं कातरीच्या कापात गेलेली. त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि तो रंगावरून गोळ्या ओळखत होता. दुकानातून दुसऱ्या कंपनीची पट्टी आली की रंग बदलायचा, मग तो कधी एकच औषध दुप्पट घ्यायचा, कधी ते सोडूनच द्यायचा. सिस्टरने विचारलं, ‘काका, हे आधी का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘कोणी विचारलंच नाही.’ चष्मा, वारांचे खण असलेली डबी, आणि शेजारच्या मुलीचा रोज रात्री एक फोन, एवढं करून तीन महिन्यांनी त्यांचं नाव पुन्हा बैठकीत आणलं. ते यादीत गेले.

म्हणून ‘घरात कोणी बघणारं नाही’ या कारणावर मी बैठकीत भांडतो. आधार लागतो हे खरं आहे, पहिले काही महिने सोबत माणूस लागतोच. पण आधार म्हणजे रक्ताचं नातंच हवं असं नाही. मित्र, शेजारी, सोबत काम करणारे, कोणी तरी नाव देऊन जबाबदारी घेतली की झालं. एकट्या माणसाला एकटा आहे म्हणून वगळणं, आणि त्याला कोण मदत करू शकेल हे न विचारता वगळणं, हे मला अन्यायाचं वाटतं. नैराश्याचंही तेच. इतक्या आजारी माणसाला नैराश्य येणारच. त्यावर उपचार करायचे असतात, त्याच्या नावावर काट मारायची नसते.

तर ठरवतं कोण? एकटा डॉक्टर ठरवत नाही, ठरवूही नये. बैठकीत हार्ट फेल्युअरचा तज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ, संसर्गतज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक, आहारतज्ज्ञ आणि समन्वयक असतात. माझ्या अनुभवात शेवटच्या तिघांना रुग्णाच्या घरातलं जे माहीत असतं ते आम्हा डॉक्टरांना नसतं. निकाल चार प्रकारचा येऊ शकतो: यादीत घ्या, अमुक सुधारून पुन्हा आणा, अजून लवकर आहे, किंवा नाही. यातल्या ‘अजून लवकर आहे’ने घरचे खट्टू होतात. पण प्रत्यारोपणाला मुदत असते. जगभरच्या नोंदींनुसार शंभरातले साधारण 85 ते 90 जण पहिलं वर्ष पार करतात आणि निम्म्याहून जास्त रुग्ण दहा वर्षांपुढे जातात. स्वतःच्या हृदयावर आणखी पाच वर्षं बरी निघणार असतील, तर ती आधी घ्यावीत. ‘अमुक सुधारून पुन्हा आणा’ असं सांगितलं, तर काय, किती आणि कधीपर्यंत, हे कागदावर लिहून मागा. तोंडी ऐकलेलं घरी जाईपर्यंत ‘नाही म्हणाले’ एवढंच उरतं.

नाव पडल्यावरही पात्रता गोठत नाही. काही महिन्यांनी पुन्हा कॅथ, पुन्हा मूत्रपिंड, पुन्हा चालण्याची ताकद बघितली जाते. दाब चढला तर नाव थांबवतात. हृदय सुधारलं तर काढतात, आणि ती आनंदाची बातमी असते. हृदय दात्याच्या शरीरातून निघाल्यापासून साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून रक्तगट आणि शरीराचा आकार यांबरोबर अंतरही जुळावं लागतं. ओ गटाच्या आणि धिप्पाड रुग्णांना जास्त थांबावं लागतं.

आणि ज्यांना सगळं करूनही ‘नाही’ सांगावं लागतं, त्यांना ते स्पष्ट, समोर बसून सांगायला हवं. कोणाला यांत्रिक पंप कायमचा उपाय म्हणून चालतो. कोणासाठी दम कमी करणं, पाणी उतरवणं, रात्रीची झोप मिळवून देणं हाच उपचार असतो आणि तो मन लावून करायचा असतो. ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून अशा रुग्णाला दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय. तसं कधीही करू नये.

ताई, तुमच्या भावासाठी आता एवढं करा. वय 46 आणि आठ महिन्यांत तीनदा ॲडमिट, हे दोनच मुद्दे प्रत्यारोपण केंद्रात दाखवायला पुरेसे आहेत. पुढच्या ॲडमिशनची वाट बघू नका. जाताना दोन वर्षांतले सगळे इको आणि क्रिएटिनिनचे सगळे आकडे तारखेने लावून न्या. गोळ्यांची पिशवी जशी आहे तशी न्या, आवरून नको. तिथे तीन गोष्टी विचारा: चारही गटांची औषधं पूर्ण डोसात झाली आहेत का, लघवीतली प्रथिनं आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली का, आणि राइट हार्ट कॅथ केलं का. कॅथ आधीच झालं असेल तर त्या रिपोर्टमध्ये औषध देण्यापूर्वीचे आणि औषध दिल्यानंतरचे असे दोन रकाने आहेत का बघा. एकच रकाना असेल, तर तपासणी अर्धी राहिलीय. ती पूर्ण करायला सांगा.